एएनसी ओपीडीत बसायच्या आधी: गरोदर बाईची तपासणी आणि कॉम्प्लिकेशन वेळेत पकडणं

ज्यांची ओबीजीवायची (प्रसूती-स्त्रीरोग विभागाची) पोस्टिंग सुरू होतेय, किंवा इंटर्नशिपमध्ये पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) किंवा ग्रामीण रुग्णालयाला जायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुस्तकात सगळं आहेच, पण पुस्तक चॅप्टरप्रमाणे शिकवतं आणि बाई चॅप्टरप्रमाणे येत नाही. ती येते, हातात माता-बाल संरक्षण कार्ड असतं, मागे लाईन दारापर्यंत गेलेली असते आणि ती म्हणते "काही त्रास नाही". एएनसीतली खरी अडचण हीच आहे की बिघडायला लागलेली बाई बऱ्याचदा ठणठणीतच दिसते, बीपी १५०/१०० असलं तरी ती हसत बोलते, हिमोग्लोबिन साडेसहा असलं तरी ती दोन किलोमीटर चालत आलेली असते. त्यामुळे माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच की मागच्या व्हिजिटचा आकडा बघून आजचा आकडा लिहू नका. स्वतः मोजा, आणि आकडा बिघडलेला निघाला तर आज, आत्ता काय करायचं ते आधीच डोक्यात पक्कं असू द्या.

एसआरएसच्या (केंद्राच्या नमुना नोंदणी पाहणीच्या) २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावतात, महाराष्ट्रात ३३. आपला आकडा चांगला आहे, पण मृत्यूची मोठी कारणं तीच जुनी आहेत, रक्तस्राव, बीपी आणि इन्फेक्शन. आणि या तिन्हींची सुरुवात ओपीडीत दिसू शकते, बघितलं तर.

आधी तारीख पक्की करा

सगळं गणित शेवटच्या पाळीच्या तारखेवर उभं आहे. तारीख चुकली की आयर्न कधी, शुगर कधी, बाळ वाढतंय की नाही, प्रीटर्म आहे की पोस्टडेट, सगळंच चुकतं. "तारीख आठवत नाही" असं ती म्हणाली की "एलएमपी नॉट नोन" लिहून मोकळं होऊ नका. थोडं बसून विचारा, पोळ्याच्या आधी की नंतर, गणपतीत बाहेर बसली होती का, गावची जत्रा होती तेव्हा पाळी आली होती का. खेड्यातल्या बायकांना इंग्रजी तारीख आठवत नाही पण सण आणि अमावस्या पक्की आठवते, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की तारीख निघते.

नेगेलचा नियम सगळ्यांना पाठ असतो, नऊ महिने सात दिवस. शेवटची पाळी १० जून तर ड्यू डेट १७ मार्च. पण हे २८ दिवसांच्या नियमित सायकलसाठी, ३५ दिवसांची सायकल असेल तर सात दिवस अजून मिळवायचे, आणि गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या केल्या किंवा बाळ अंगावर पीत असताना दिवस गेले असतील तर पाळीच्या तारखेवर विश्वास ठेवायचाच नाही. अशा वेळी पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी कामाची. ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान सीआरएलवरून (बाळाच्या डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून) आलेली तारीख आणि पाळीची तारीख यात सात दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरायची आणि कार्डावर मोठ्या अक्षरात लिहायची. त्यानंतरच्या सोनोग्राफीने ही तारीख बदलायची नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण चार सोनोग्राफी आणि चार वेगळ्या ड्यू डेट असलेलं कार्ड घेऊन बाई येते आणि ३४ आठवड्यांचं बारीक राहिलेलं बाळ "३१ आठवड्यांचं नॉर्मल बाळ" म्हणून सोडून दिलं जातं.

हिस्टरी: सासूबाईंना जरा बाहेर बसवा

बरोबर आलेल्या सासूबाई, आई किंवा नवरा बऱ्याचदा बाईच्या आधी उत्तर देतात. त्यांचा मान ठेवून त्यांना सांगा की "आजी, पाच मिनिटं बाहेर बसा, तपासून घेतो". मग विचारा. आधी दिवस राहून गेले होते का, कुठे पाडलं होतं का, गोळ्या घेतल्या होत्या का, घरी कोणी मारहाण करतं का, रडू येतं का, झोप लागते का. ग्रॅव्हिडा-पॅरा-लिव्हिंग-अबॉर्शनचा (किती वेळा दिवस राहिले, किती बाळंतपणं, किती मुलं जिवंत, किती गर्भपात) फॉर्म्युला इथेच नीट बनतो, सगळ्यांसमोर विचारलं तर अर्धा चुकीचा बनतो.

मागच्या प्रत्येक बाळंतपणाचं एकेक करून विचारायचं. कितव्या महिन्यात, कुठे, कसं, बाळ किती वजनाचं, रडलं का, आज आहे का, नंतर रक्त चढवलं होतं का, वार हाताने काढली होती का, झटके आले होते का. सिझर असेल तर का केलं आणि किती वर्षांपूर्वी, जुनं डिस्चार्ज कार्ड पुढच्या वेळी आणायलाच सांगा. आधीचं सिझर आणि आता वार खाली, हे कॉम्बिनेशन म्हणजे वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली असण्याची शक्यता, तिची डिलिव्हरी कुठे होणार हे सातव्या महिन्यातच ठरलं पाहिजे. मागच्या खेपेला बीपी वाढलं होतं का हा प्रश्न कधीच सोडू नका. मागे प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाणं किंवा इतर अवयव बिघडणं), आधीपासूनचं बीपी, डायबेटीस, किडनीचा आजार, ल्युपस, जुळी, यापैकी काहीही असेल तर ॲस्पिरिन ७५ ते १५० मिग्रॅ रात्री, १२ आठवड्यांपासून आणि शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करायचं. विसाव्या आठवड्यानंतर आठवलं तर त्याचा फायदा जवळपास हातातून गेलेला असतो.

औषधं विचारा. फिट्सची गोळी, त्यातही व्हॅल्प्रोएट, थायरॉइडची गोळी, बीपीसाठी एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन. यातली शेवटची दोन गरोदरपणात चालत नाहीत, पण "बंद करा" एवढं सांगून पाठवू नका, बदलून द्या. फिट्सची गोळी तर स्वतःहून कधीच बंद करायची नाही, फिजिशियनशी बोलून बदलायची.

अजून एक, आपल्याकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि बाई माहेरी जाते, म्हणजे नेमकं बीपी वाढायच्या काळात तिचा डॉक्टर, आशाताई आणि हॉस्पिटल तिन्ही बदलतात. म्हणून दुसऱ्या तिमाहीतच विचारा "माहेर कुठलं, कधी जाणार", कार्ड पूर्ण भरून द्या, सगळे रिपोर्ट कार्डाला स्टेपल करा, तिकडच्या आशाताईचा नंबर घ्यायला सांगा. बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजूर बायकांचं तर अजून अवघड, दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघाल्या की थेट मार्च-एप्रिलला परत, मधल्या तपासण्या कारखान्याजवळच्या पीएचसीत होतील तरच. तिला नुसतं "पुढच्या महिन्यात या" म्हणणं म्हणजे तिची तपासणी बंद करणं. जायच्या आधी रक्त-लघवी-सोनोग्राफी उरकून, गोळ्या पुरतील एवढ्या देऊन पाठवा.

मोजायच्या गोष्टी: बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, वजन

केंद्राच्या प्रोग्रामप्रमाणे किमान चार तपासण्या, पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ नंतर. डब्ल्यूएचओने २०१६ पासून आठ भेटी सांगितल्यात. शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला पीएमएसएमएचा (प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा) कॅम्प असतो, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांना डॉक्टरने बघायचं असतं आणि हाय रिस्क असेल तर कार्डावर लाल स्टिकर लागतो. स्टिकर लावून काम संपत नाही, लाल स्टिकर म्हणजे पुढची तारीख जवळची आणि आशाताईला फोन.

बीपी. ती चालत आली की लगेच घेऊ नका, पाच मिनिटं बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या लेव्हलला. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं जास्त येतं. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचं घेतलं तर खोटं कमी येतं. डायस्टोलिक म्हणजे आवाज पूर्ण बंद होतो तो पॉइंट. आणि १३६/८८ आलं तर १३६/८८ च लिहा, १३०/८० नाही. पहिल्या तिमाहीत १००/६० असलेल्या बाईचं ३२ आठवड्यांना १३६/८८ झालं तर ते व्याख्येत बसत नसलं तरी मी तिला महिन्याने नाही, आठवड्याने बोलावते.

हिमोग्लोबिन. ११ च्या खाली ॲनिमिया, १० ते १०.९ माइल्ड, ७ ते ९.९ मॉडरेट, ७ च्या खाली सिव्हिअर. एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) मध्ये देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या, म्हणजे ओपीडीत निम्म्या बायकांना हा आजार आहे असं धरूनच बसायचं. डिजिटल मीटरवर करताना बोट पिळू नका, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. डोळ्याची पापणी ओढून "पॅलर नाही" म्हणणं पुरेसं नाही, साडेआठ हिमोग्लोबिन पापणीत बऱ्याचदा कळत नाही.

ॲनिमिया मुक्त भारतप्रमाणे दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक लाल गोळी, ६० मिग्रॅ आयर्न आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर अजून १८० दिवस. माइल्ड-मॉडरेटला रोज दोन गोळ्या, आणि एका महिन्यात हिमोग्लोबिन एक ग्रॅमने तरी वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर आधी विचारा की गोळी खरंच पोटात जाते का. "गोळीने बाळ काळं होतं", "बाळ मोठं होऊन सिझर होतं" हे घरोघरी ऐकायला मिळतं, शिवाय शौचाला काळं होतं म्हणून घाबरून बंद करतात, म्हणून काळं होणार हे गोळी देतानाच सांगून टाका. चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर तर नकोच, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर चालेल, मळमळत असेल तर रात्री झोपताना. गोळी नीट घेऊनही वाढत नसेल तर जंत, बी-१२ आणि सिकल सेल-थॅलेसेमियाचा विचार. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूण विदर्भाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलची सोल्युबिलिटी टेस्ट पहिल्याच भेटीत झालीच पाहिजे, पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी टेस्ट) आणि नवऱ्याचीही तपासणी. उशिरा आलेल्या, गोळी न पचणाऱ्या मॉडरेट ॲनिमियाला शिरेतून आयर्न. सात च्या खाली आणि तिसरी तिमाही असेल तर ॲडमिट, पाचच्या खाली तर कुठल्याही महिन्यात ॲडमिट आणि रक्त. धाप लागत असेल तर आकड्याची वाट बघू नका, ते हार्ट फेल्युअर असू शकतं, आणि अशा बाईला भरभर बाटल्या लावणं धोक्याचं.

लघवी मधल्या धारेची, अंगावरून पांढरं जात असेल तर आधी स्वच्छ धुवून. अल्ब्युमिन बघायचं. वजन पूर्ण गरोदरपणात साधारण ९ ते ११ किलो वाढतं, एकाच आठवड्यात दीड-दोन किलो वाढलं आणि चेहरा सुजला तर बीपी पुन्हा घ्या. नुसते पाय सुजणं मात्र कॉमन आहे, त्यावरून प्रीएक्लॅम्पसियाचं निदान होत नाही.

हृदयावर स्टेथो एकदा तरी ठेवा. र्‍हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस असलेली तरुण बाई पहिल्यांदा गरोदरपणातच सापडते, "दम लागतोय, गरोदर आहे म्हणून लागत असेल" असं सगळेच म्हणत राहतात.

पोट तपासताना

पडदा, शेजारी सिस्टर, लघवी करून आलेली बाई, गुडघे वाकवलेले, तुमचे हात गरम. व्हायवात ग्रिप्स (हाताने बाळाची पोझिशन ओळखायच्या पद्धती) पाठ म्हणायला लावतात, पण ओपीडीत उपयोगाची गोष्ट आहे टेप. २४ आठवड्यांनंतर सिम्फिसिसपासून (ओटीपोटाखालचं हाड) फंडसपर्यंतचे (गर्भाशयाचं वरचं टोक) सेंटिमीटर साधारण आठवड्यांएवढे येतात, तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त कमी आलं तर बाळ बारीक, पाणी कमी किंवा तारीख चुकीची, जास्त आलं तर जुळी, पाणी जास्त, डायबेटीस. टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवून मोजा, म्हणजे मन आकडा ठरवून टाकत नाही. पाठीवर सरळ झोपलेल्या बाईला चक्कर आली, घाम फुटला तर लगेच डाव्या कुशीवर, गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतंय. बाळाचे ठोके ११० ते १६०, आईची नाडी एका हाताने धरूनच ऐका नाहीतर आईचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात.

टेस्ट, सुया, गोळ्या: पटकन

पहिल्या भेटीत ब्लड ग्रुप, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, एचबीएसएजी, लघवी, शुगर, आणि जमेल तिथे टीएसएच. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम दिवस राहायच्या आधीपासून १२ आठवड्यांपर्यंत, आधीच्या बाळाला पाठीच्या मणक्याचा दोष असेल किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर ५ मिग्रॅ. कॅल्शियम ५०० मिग्रॅ दोनदा १४ आठवड्यांपासून. अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ एकदाच, पहिली तिमाही संपल्यावर. टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने, मागच्या तीन वर्षांत दोन्ही झालेले असतील तर एक बूस्टर.

शुगरची टेस्ट आपल्याकडे सोपी केलीय त्याचा फायदा घ्या. उपाशी असो की जेवलेली, ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात पाच-दहा मिनिटांत प्यायला द्यायचं आणि दोन तासांनी शुगर, १४० किंवा जास्त म्हणजे गर्भावस्थेतला डायबेटीस. पहिल्या भेटीत आणि नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करा. पॉझिटिव्ह आली तर दोन आठवडे आहार आणि चालणं, तरी जेवणानंतर दोन तासांची शुगर १२० किंवा वर राहिली तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन. "गोड बंद" एवढाच सल्ला देऊ नका, ताटातला भात, साबुदाणा आणि दिवसभराचा साखरेचा चहा मोजा. संकष्टी-एकादशीचे उपवास करते का तेही विचारा, दिवसभर उपाशी आणि रात्री एकदम जेवण हे अशा बाईला अजिबात चालत नाही.

आरएच निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचा ग्रुप, इनडायरेक्ट कूम्ब्स (आईच्या रक्तात आरएचच्या अँटिबॉडी आहेत का ते बघणारी टेस्ट), निगेटिव्ह आली तर २८ आठवड्यांना अँटी-डी ३०० मायक्रोग्रॅम, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत परत. अबॉर्शन, एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ), पोटावर मार, मधलं ब्लीडिंग, या वेळीही द्यायचं, इथेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.

सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांत एक आणि १८ ते २० च्या आसपास ॲनॉमली स्कॅन. ही दुसरी उशिरा झाली तर मोठा दोष सापडूनही कुटुंबाकडे निर्णयाला वेळ उरत नाही, कारण गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरही २४ आठवड्यांपलीकडे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. आणि फॉर्म एफ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची कायद्याने लागणारी नोंद) भरणं म्हणजे क्लर्कचं काम नाही. लिंग निदानावर कायदा देशात सगळ्यात आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा. कोणी आडून विचारलं तर तुमचं उत्तर एकच, आणि ते स्पष्ट.

बीपी वाढलं

इथे जास्त वेळ देतेय कारण इथे विद्यार्थी सगळ्यात जास्त गोंधळतात आणि इथेच सगळ्यात जास्त जीव वाचवता येतात.

विसाव्या आठवड्यानंतर, चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त, म्हणजे जेस्टेशनल हायपरटेन्शन. त्यात लघवीत प्रोटीन, किंवा प्रोटीन नसलं तरी प्लेटलेट एक लाखाच्या खाली, क्रिएटिनिन १.१ च्या वर, लिव्हर एन्झाइम दुप्पट, फुप्फुसात पाणी, न थांबणारी डोकेदुखी किंवा नजरेचा त्रास, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. प्रोटीन निगेटिव्ह आहे म्हणून घरी पाठवलं असं करू नका. १६०/११० म्हणजे सिव्हिअर, तिथे चार तास थांबायचं नाही, १५ मिनिटांनी परत घ्या आणि तेवढंच असेल तर औषध सुरू.

विचारायचं तिच्या शब्दांत. "डोकं दुखतं का" पेक्षा "डोळ्यापुढे अंधारी येते का, काजवे चमकतात का, छातीखाली पोटात दुखतं का, बरगडीखाली जड वाटतं का". तिसऱ्या तिमाहीत वरच्या पोटात दुखणं आणि उलटी म्हणजे ॲसिडिटी समजून पॅन्टॉप लिहिली जाते, आणि रात्री ती बाई झटके येऊन किंवा प्लेटलेट चाळीस हजार घेऊन परत येते. तेव्हा २० आठवड्यांनंतर वरच्या पोटात दुखतंय म्हटलं की बीपी, लघवी, प्लेटलेट, एसजीपीटी (लिव्हर एन्झाइम), मगच ॲसिडिटी.

१६०/११० ला नायफेडिपिन १० मिग्रॅ तोंडावाटे, जिभेखाली नाही, अर्ध्या तासाने परत बीपी आणि गरज पडली तर परत गोळी. किंवा लॅबेटालॉल शिरेतून २० मिग्रॅ हळू, दहा मिनिटांनी ४०, मग ८०, एकूण ३०० च्या वर नाही, आणि दमा असेल तर लॅबेटालॉल नको. बीपी १२०/८० वर आणायच्या मागे लागू नका, १४०-१५०/९०-१०० पुरे, एकदम पाडलं तर बाळाचा रक्तपुरवठा जातो.

झटका आला तर, पळापळ करू नका. कुशीवर वळवा, तोंडातलं साफ करा, ऑक्सिजन, कॉटच्या कडा वर, दात उघडायला चमचा घालू नका. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला आलेला झटका हा दुसरं काही सिद्ध होईपर्यंत एक्लॅम्पसियाच, आणि औषध मॅग्नेशियम सल्फेट, डायझेपाम किंवा फेनिटॉइन नव्हे. प्रिचर्ड रेजिम (मॅग्नेशियम द्यायची ठरलेली पद्धत) हाताला पाठ पाहिजे. आपल्याकडे ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं. चार अँप्युल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाइन, झालं २० मिली २० टक्के, हे ४ ग्रॅम शिरेतून हळू, कमीत कमी पाच मिनिटं घेऊन. मग प्रत्येक कुल्ल्यात खोल ५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्क्यांचं १० मिली, न पातळ करता, १ मिली २ टक्के लिग्नोकेनसह. एकूण १४ ग्रॅम. नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम आलटून पालटून कुल्ल्यात, डिलिव्हरी किंवा शेवटचा झटका यातलं जे नंतर होईल तिथून २४ तास. प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी, गुडघ्याचा जर्क आहे का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का. यातली एक जरी नसेल तरी डोस थांबवा. श्वास मंदावला तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून हळू, आणि ही अँप्युल मॅग्नेशियमच्या ट्रेमध्येच ठेवलेली असली पाहिजे, शोधायला लागता कामा नये.

पीएचसीत एकटे असाल आणि शिरेतून द्यायची तयारी नसेल तर दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम देऊन मग पाठवा. विनाडोस पाठवलेली बाई रस्त्यात परत झटका घेते. २००२ च्या मॅगपाय ट्रायलमध्ये प्रीएक्लॅम्पसियाच्या बायकांत मॅग्नेशियमने झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, त्यामुळे सिव्हिअर फीचर असतील तर झटका यायच्या आधीच देतात.

उपचार शेवटी डिलिव्हरीच. सिव्हिअर नसेल तर ३७ आठवड्यांना, सिव्हिअर असेल आणि ३४ झाले असतील तर स्थिर करून लगेच, झटके आले असतील तर कितीही आठवडे असोत. याचा अर्थ सिझरच असा नाही. सलाइन मोजून, तासाला ८० मिलीच्या आसपास, या बायका फुप्फुसात पाणी भरून जातात. आणि बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखायला मेथर्जिन नको, ऑक्सिटोसिन.

ब्लीडिंग

पहिल्या महिन्यांत अंगावर लाल जातंय आणि पोटात दुखतंय म्हणजे एक्टोपिक नाही हे सिद्ध होईपर्यंत एक्टोपिक. यूपीटी (लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट) करा, "पाळी चालू आहे" म्हणाली तरी करा, "ऑपरेशन झालंय" म्हणाली तरी करा, नसबंदीनंतर दिवस राहिले तर ट्यूबमध्ये राहण्याची शक्यता जास्त असते. खांद्यात दुखणं, चक्कर, पांढरी फटक, नाडी १२० आणि बीपी अजून ठीक, तर ती आतून रक्त गमावतेय, तरुण बाईचं बीपी शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम जातं. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या जवळ पोचला की घाबरायलाच पाहिजे. गर्भाशय तारखेपेक्षा मोठं, उलट्या खूप, ठोके नाहीत तर मोल (बाळाऐवजी द्राक्षांसारखे फोड वाढणारी गर्भधारणा).

सातव्या महिन्यानंतरच्या ब्लीडिंगला एक नियम, सोनोग्राफीत वार कुठे आहे कळल्याशिवाय बोट घालून तपासायचं नाही. बिलकूल नाही, सीनिअर घाईत असले तरी आठवण करून द्या. न दुखता, लालभडक, अचानक, परत परत होणारं म्हणजे वार खाली. दुखणारं, काळपट, पोट लाकडासारखं कडक, बाळाचे ठोके मिळत नाहीत म्हणजे वार सुटलीय. सुटलेल्या वारेत बाहेर वाटीभरच रक्त दिसतं आणि आत लिटरभर असतं, त्यामुळे बाई जेवढी आजारी दिसते तेवढं रक्त गेलंय असं धरा. दोन जाड व्हेनफ्लॉन, क्रॉस मॅच, कॅथेटर, आणि दोन मिली रक्त साध्या काचेच्या ट्यूबमध्ये घेऊन बाजूला ठेवा, सात मिनिटांत गुठळी नाही झाली तर रक्त गोठण्याची सिस्टिम बिघडलीय, हे लॅब नसलेल्या ठिकाणी फार उपयोगी पडतं.

बाकीच्या, पण विसरायच्या नाहीत अशा

पाणी गेलं म्हणाली तर निर्जंतुक स्पेक्युलमने बघा, बोटाने नाही. ३४ आठवड्यांच्या आत कळा किंवा पाणी गेलेलं असेल तर डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ दर १२ तासांनी चार डोस, पहिला डोस तुमच्या इथेच, रेफर करायच्या आधी. ताप, नाडी वाढलेली, पाण्याला वास म्हणजे आत इन्फेक्शन, तिथे थांबायचं नाही. पावसाळ्यात तापाला डेंग्यू आणि मलेरिया, गडचिरोलीकडे तर फाल्सिपेरम आधी. तळहात-तळपायाला रात्रीची खाज, पुरळ नाही, तर एलएफटी (लिव्हरची तपासणी) आणि बाइल ॲसिड करा, त्यात बाळ पोटात दगावू शकतं. पाणीही टिकत नाही इतक्या उलट्या असतील तर लघवीत किटोन बघा आणि डेक्स्ट्रोज लावायच्या आधी थायमिन द्या.

"बाळ आज कमी फिरतंय" हे वाक्य ऐकलं की तिला घरी पाठवू नका. नुसते ठोके ऐकून "सगळं ठीक" म्हणू नका, एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख), पाणी, गरज असेल तर डॉप्लर. आईला बाळाची सवय माहीत असते.

रेफर करताना

आधी पुढच्या हॉस्पिटलला फोन, मग १०८. चिठ्ठीत वेळ घालून लिहा, कितवा आठवडा, बीपी किती वाजता किती, मॅग्नेशियम कुठे किती किती वाजता, डेक्साचा डोस, ब्लड ग्रुप, किती रक्त गेलं, लघवी किती. "रेफर्ड टू हायर सेंटर" एवढीच चिठ्ठी आली की पुढचा डॉक्टर मॅग्नेशियम परत पहिल्यापासून देईल किंवा घाबरून देणारच नाही. डाव्या कुशीवर, व्हेनफ्लॉन चालू, बरोबर सिस्टर, आणि रक्त देऊ शकणारे दोन नातेवाईक. जेएसएसकेखाली (जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम) सरकारीत प्रवास, औषध, रक्त, सिझर फुकट आहे हे नातेवाइकांना तोंडाने सांगा, कारण पैशाच्या काळजीने निम्मा वेळ दारातच जातो. मेळघाट-धडगावसारख्या भागात तारीख जवळ आली की बाईला पीएचसीच्या माहेरघरात आधीच येऊन राहायला तयार करा, पावसात नाला भरल्यावर गाडी येत नाही.

आणि डिलिव्हरी झाली की बीपीची गोष्ट संपली असं नाही, बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं डिस्चार्ज झाल्यावर. प्रीएक्लॅम्पसियाच्या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर तीन दिवसांनंतरची आणि आठवड्यानंतरची बीपीची तारीख लिहा, डायबेटीस असलेल्या बाईच्या कार्डावर सहा आठवड्यांनंतरची ७५ ग्रॅम ग्लुकोजची, आणि त्याच तारखांचा मेसेज तिच्या आशाताईला त्याच दिवशी जाऊ द्या.